शिवछत्रपतींचे शेजारधोरण

१६७४ च्या मे महिन्यात मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला पोहोचला, तेव्हा शिवाजी महाराज प्रतापगडी भवानीच्या दर्शनास गेले होते. वकिलाला पाचाडातच थांबावे लागले. तेथे निराजीपंतांनी त्याचे म्हणणे ऐकून घेतले. राजापूरच्या वखारीच्या लुटीची भरपाई मागणे व जंजिऱ्याच्या सिद्दीशी महाराजांचा तह घडवून आणणे, अशी दोन कामे त्याच्याकडे होती. सिद्दीचा विषय न काढणेच बरे, असे पंतांनी त्याला गडावर जाण्यापूर्वीच सुचविले. एका शेजाऱ्याशी करार आणि दुसऱ्याशी तहाची गोष्टही नको, हा भेद लहरीचा नव्हता.

महाराजांचे सारे आयुष्यच सरहद्दीवर गेले. १६३० साली शिवनेरीवर त्यांचा जन्म झाला, त्या वर्षी दख्खनेत भीषण दुष्काळ सुरू होत होता. निजामशाही, आदिलशाही आणि मोगल यांच्या ओढाताणीत पुणे परगणा उजाड झालेला होता. १६३६ मध्ये निजामशाही संपली आणि शहाजीराजे कर्नाटकात गेले. सीमा हलली की प्रथम शेतकरी उठतो, हे ज्याने बालपणीच पाहिले, त्याच्या लेखी सरहद्द म्हणजे नकाशावरची रेघ असणे शक्यच नव्हते. १६५६ मध्ये जावळी आणि रायरी हाती आली व कोकणात उतरणाऱ्या घाटवाटा ताब्यात आल्या. अफझलखान व पन्हाळा यांच्या कथा शाळकरी मुलांनाही पाठ असतात, त्या येथे सांगण्याचे कारण नाही. पुरंदरच्या तहाकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. १६६५ मध्ये जयसिंगाला तेवीस किल्ले देऊन महाराजांनी बारा राखले. हा अपमान होताच. पण राज्याचा गाभा वाचला, आणि १६७० पासून गेलेले किल्ले एकामागून एक परत येऊ लागले.

पश्चिमेची सीमा समुद्राची. तेथे शेजारी तीन आणि तिघांशी वर्तन तीन प्रकारचे. सिद्दीच्या टोळ्या किनाऱ्यावरची गावे लुटीत व माणसे धरून नेत. तेव्हा त्याच्याशी तह म्हणजे रयतेला वाऱ्यावर सोडणे. पद्मदुर्ग बांधला गेला तो यासाठीच. पोर्तुगीजांचे दुखणे वेगळे. बंडखोर देसायांना गोव्यात आसरा मिळतो, म्हणून १६६७ मध्ये महाराजांचे सैन्य बारदेशात शिरले आणि पाठोपाठ तहही झाला. दंड करावा, पण शेजारी बुडवू नये, असा तो हिशेब होता. याहून बोलका पुरावा १६७१ च्या एका आज्ञापत्रात आहे. बारदेशचे मीठ स्वस्त पडून संगमेश्वरी मिठाचा बाजार बसू नये, म्हणून त्यावर जबर जकात बसविण्याचे कुडाळच्या सरसुभेदाराला त्यात फर्माविले आहे. संरक्षक जकातीचा धडा युरोपातील ग्रंथांतूनच शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी हे पत्र अवश्य वाचावे.

इंग्रज हे व्यापारी. पन्हाळ्याच्या वेढ्यात त्यांनी आदिलशाहीला तोफांची मदत केली, म्हणून १६६१ मध्ये राजापूरची वखार लुटली गेली. भरपाईचे बोलणे मग अनेक वर्षे लांबत राहिले आणि ही थकबाकीच इंग्रजांना दारी आणीत राहिली. राज्याभिषेकानंतर करार झाला. तरी इंग्रजी नाणे प्रजेवर लादण्यास महाराज राजी नव्हते आणि फुटून किनाऱ्याला लागलेल्या गलबतांवरील राजाचा जुना हक्कही सहजी सोडावयास तयार नव्हते. इकडे पावसाळ्यात सिद्दीचे आरमार मुंबईच्या आश्रयाला राहतच होते. म्हणूनच १६७९ मध्ये मुंबईच्या तोंडाशी खांदेरीवर तटबंदी उभी राहू लागली. इंग्रजांनी गलबते पाठवून बेटाची कोंडी केली. मराठ्यांच्या हलक्या होड्या रात्री रसद पोहोचवीत राहिल्या आणि अखेर इंग्रजांना माघार घ्यावी लागली. सिद्दीने मात्र शेजारची उंदेरी गाठली.

या धोरणाला दुसरी बाजू नाही असे नाही. दोनदा लुटल्या गेलेल्या सुरतेच्या व्यापाऱ्याला विचारले असते, तर उपद्रवी शेजारी कोण, याचे उत्तर त्याने वेगळेच दिले असते. जंजिरा तर कधीच हाती आला नाही. त्यापायी खर्ची पडलेली माणसे आणि द्रव्य राज्याला जडच गेले असले पाहिजे. याउलट १६७७ मध्ये कुतुबशहाशी सख्य करून केलेली दक्षिणेची स्वारी तेव्हा अनेकांना अनाठायी वाटली असेल. पण तिच्यात मिळालेल्या जिंजीने पुढे राजाराम महाराजांना आसरा दिला आणि १६९८ पर्यंत मोगलांना झुंजविले.

राज्याभिषेकानंतर बाराव्या दिवसाच्या सुमारास, १७ जून १६७४ रोजी, जिजाबाईंनी पाचाडच्या वाड्यात देह ठेवला. गडावरची थंड हवा मानवेना म्हणून महाराजांनी तो त्यांच्यासाठी बांधविला होता. ३ एप्रिल १६८० रोजी महाराजही रायगडावर निवर्तले. १६८९ मध्ये गड मोगलांकडे गेला, पुढे तो सिद्दीच्या हाती पडला. ज्याच्याशी तहाचे नावही काढू नये असे पाचाडात सांगितले गेले होते, त्याच्याच अंमलातून रायगड सोडविण्यास १७३३ साल उजाडावे लागले.