लाकडावर गाडी पळवणारा जॉर्ज इंबर्ट

लाकडाच्या गॅसवर पिकअप चालवता येते का, असा प्रश्न डिझेलचा दर वाढला की हमखास विचारला जातो. येते. पण कोणत्या अटींवर येते, हे समजायचे असेल तर जॉर्ज इंबर्ट यांचे आयुष्य समजून घ्यावे. आज जगभरच्या अभियांत्रिकी पुस्तकांत 'इंबर्ट गॅसिफायर' हे नाव आढळते, ते याच माणसाचे.

इंबर्ट यांचा जन्म 1884 चा, लॉरेन प्रांतातला. हा प्रांत आज फ्रान्समध्ये आहे, तेव्हा तो जर्मनीच्या ताब्यात होता. शिक्षणाने ते रसायन अभियंता. पहिल्या महायुद्धानंतर प्रांत पुन्हा फ्रान्सकडे आला. फ्रान्सकडे जंगल भरपूर, खनिज तेल मात्र जवळजवळ नाही. ट्रक, ट्रॅक्टर आणि सैन्याची वाहने परदेशी पेट्रोलवर अवलंबून होती. घरच्या इंधनावर गाडी चालावी, या ध्यासाने इंबर्ट कामाला लागले.

लाकूड अपुऱ्या हवेत जाळले की जळाऊ वायू मिळतो, हे आधीपासून माहीत होते. त्यात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन जळतात. जवळपास निम्मा भाग मात्र न जळणारा नायट्रोजन असतो. खरी अडचण होती टारची, म्हणजे लाकडातून निघणाऱ्या चिकट डांबराची. ते इंजिनात गेले की व्हॉल्व्ह चिकटतात आणि इंजिन बसते. म्हणून बहुतेक जण लाकडाऐवजी कोळसा वापरत. पण कोळसा पाडतानाच लाकडातली बरीच ऊर्जा वाया जाते.

इंबर्ट यांनी 1920 च्या दशकात यावर उपाय काढला. लाकूड वरून टाकायचे, हवा मध्यभागी सोडायची आणि वायू खालून ओढायचा. मध्ये भट्टीचा घसा अरुंद ठेवायचा. वर सुटलेल्या टारला या तापलेल्या घशातून जावेच लागते. तिथे त्याचे विघटन होऊन त्याचाही वायू बनतो. पुढे गाळणी आणि कूलर लावून थंड वायू इंजिनाला द्यायचा.

1930 च्या दशकात जर्मनीत, कलोन शहरात, इंबर्ट यांच्या नावाने ही यंत्रे मोठ्या प्रमाणावर बनू लागली. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासे झाले आणि युरोपच्या रस्त्यांवर लाकडाच्या गाड्या दिसू लागल्या. जर्मनीत अशा वाहनांची संख्या सुमारे 5 लाखांवर गेली, तर स्वीडनमध्ये 70 हजारांवर. आपल्या देशातही पेट्रोलच्या रेशनिंगच्या काळात कोळशाच्या गॅसवर मोटारी धावत होत्या. युद्ध संपले, पेट्रोल परत आले आणि काही वर्षांतच लोकांनी ही यंत्रे उतरवून टाकली. 1950 मध्ये इंबर्ट यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या यंत्राचा सुगीचा काळ सरला होता.

लोकांनी ती का उतरवली, हे बीडच्या शेतकऱ्याने ध्यानात घ्यावे. 1 लिटर पेट्रोलच्या जागी सुमारे अडीच ते तीन किलो वाळलेले लाकूड लागते. इंजिनाची ताकद 30 ते 50 टक्क्यांपर्यंत घटते. भट्टी पेटवायला वेळ जातो, राख आणि गाळणी रोज साफ करावी लागते. शिवाय आपल्या बहुतेक पिकअप डिझेलच्या. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. ते नुसत्या गॅसवर चालत नाही, सोबत थोडे डिझेल लागतेच. गाडीत असा बदल करायचा तर आरटीओची परवानगीही हवी.

इंधनाचेही तसेच. इंबर्ट यांचा घसा चालतो तो वाळलेल्या, सारख्या आकाराच्या लाकडी ठोकळ्यांवर. ओलावा 20 टक्क्यांच्या आत हवा. ओली वेडी बाभूळ टाकली तर भट्टी थंड पडते आणि टार थेट इंजिनात जाते. अख्खी पऱ्हाटी किंवा तुराट्या टाकल्या तर त्या आतच अडकून पोकळी धरतात. उसाच्या पाचटात राख जास्त, तिचे खडे बनतात. पाचटासाठी भट्टीच वेगळी लागते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने 1990 च्या दशकात तशी भट्टी विकसित केली, पण ती उष्णतेसाठी, गाडीसाठी नव्हे.

म्हणून सल्ला असा: गॅसिफायरचा विचार करायचाच असेल तर आधी एका जागी उभ्या इंजिनासाठी किंवा गुऱ्हाळासारख्या उष्णतेच्या कामासाठी करा. पऱ्हाटी वापरणार असाल तर वेचणी संपताच तिचे तुकडे करा किंवा कांडी बनवा. ती बांधावर रचून ठेवली तर गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो. इंधनासाठी उभी झाडे तोडू नका. दुष्काळी तालुक्यात तो सौदा तोट्याचाच.

शेवटची गोष्ट जिवाची. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. युद्धकाळात गॅरेजमध्ये या वायूने माणसे दगावली. भट्टी नेहमी उघड्यावरच पेटवा, शेडमध्ये कधीही नाही. डोके दुखू लागले, गरगरले, तर भट्टी विझवत बसू नका. आधी मोकळ्या हवेत या आणि लगेच दवाखाना गाठा.