जंतूंचे शत्रू शोधणारे डेरेल

जुलाबाच्या जंतूंवर प्रतिजैविके चालेनाशी झाली, ही तक्रार आता डॉक्टरांकडून वरचेवर ऐकू येते. पर्याय म्हणून ओवा, लवंग यांच्या तेलांवर प्रयोगशाळांत काम सुरू आहे. एक पर्याय मात्र शंभर वर्षांपूर्वीच रुग्णांना पाजून झाला होता. पाजणारे होते फेलिक्स डेरेल.

जन्म १८७३, पॅरिस. (ते स्वतः माँट्रियल सांगत, ते खरे नव्हते.) वैद्यकाची पदवी नाही, सूक्ष्मजीवशास्त्र ते आपले आपणच शिकले.

१९१५ मध्ये पॅरिसजवळच्या छावणीत घोडदळाच्या सैनिकांना रक्ताची हगवण लागली. पाश्चर संस्थेत काम करणाऱ्या डेरेल यांनी एका रुग्णाची विष्ठा रोज पाण्यात कालवून, जंतू अडतील इतक्या बारीक गाळणीतून गाळली आणि तो द्रव हगवणीच्या जंतूंच्या नळीत घातला. एका सकाळी गढूळ नळी स्वच्छ झालेली दिसली. ते सांगत की, त्याच रात्री रुग्णालाही उतार पडला होता! गाळणीतून पार होऊन जंतूंना फोडणारा हा विषाणूच, असे त्यांनी १९१७ मध्ये मांडले आणि त्याला बॅक्टेरिओफाज, म्हणजे जंतुभक्षक, असे नाव दिले. इंग्लंडच्या ट्वॉर्ट यांनी असेच काहीसे आधी नोंदले होते. त्यावरून वाद झालाच.

१९१९ मध्ये पॅरिसच्या मुलांच्या रुग्णालयात हगवणीने खंगलेला बाराएक वर्षांचा मुलगा होता. औषध घातक नाही ना, हे पाहण्यासाठी डेरेल आणि तिथल्या डॉक्टरांनी आधी ते स्वतः प्यायले. मग मुलाला दिले. मुलगा बरा झाला. पुढे १९२७ मध्ये पंजाबात त्यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना फाज दिले.

फाज ठरावीक जंतूलाच मारतो, आतड्यातल्या उपयुक्त जंतूंना सोडतो. अडचणही तीच. चुकीचा फाज दिला तर गुण येत नाही, आणि तेव्हा बाजारात आलेली बरीच औषधे निकृष्ट होती. डेरेल यांचे दावेही अनेकदा पुराव्यापुढे धावत, हे मान्य करायला हवे.

जॉर्जियातल्या त्बिलिसीत मित्र एलियावा यांच्या संस्थेत ते रमले होते. १९३७ मध्ये स्टालिनच्या राजवटीने एलियावांना ठार केले. डेरेल पुन्हा तिकडे गेले नाहीत. नोबेलसाठी नाव अनेकदा सुचवले गेले, मिळाले नाही. १९४९ मध्ये पॅरिसला ते वारले, तेव्हा पेनिसिलिनचा जमाना सुरू झाला होता. त्बिलिसीतली संस्था मात्र टिकली. प्रतिजैविकांना दाद न देणारा संसर्ग झालेले परदेशी रुग्ण आज तिथे उपचाराला जातात.