जाळ्यात अडकलेला देवमासा आणि जॉन लीन



मागच्या वर्षीची गोष्ट. चौथीच्या वर्गात परिसर अभ्यासाच्या तासाला मी देवमाशाबद्दल सांगत होते. देवमासा जाळ्यात अडकला तर जाळे कापून त्याला सोडून द्यायला हवे, असे मी अगदी सहज बोलून गेले. आमची शाळा किनाऱ्यावरच्या गावातली, वर्गातली निम्मी मुले मच्छीमारांच्या घरची. मागे बसलेल्या एका मुलाने हात वर केला आणि विचारले, की बाई, मग जाळ्याचे पैसे कोण देणार? वर्ग हसला नाही. सगळे माझ्याकडे बघत राहिले. खरं सांगायचं तर माझ्याकडे उत्तर नव्हते.

उत्तर शोधता शोधता मला एका माणसाची माहिती मिळाली. या माणसाने हाच प्रश्न आपल्या आयुष्याचे काम मानला होता. त्यांचे नाव जॉन लीन. कॅनडात त्यांना देवमाशांचा माणूस म्हणून ओळखतात. आज त्यांच्याबद्दल थोडे सांगते.

समुद्रापासून दूर जन्मलेला मुलगा

जॉन लीन यांचा जन्म १९३९ साली अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यात झाला. वर्गातला नकाशा काढून मुलांना हे राज्य जरूर दाखवा. ते अमेरिकेच्या अगदी मधोमध आहे. सगळीकडे गवताळ मैदाने आणि शेती, समुद्र कुठेच नाही. पुढे त्यांनी प्राणी कसे वागतात, का वागतात, याचा अभ्यास केला. १९६८ साली ते कॅनडाच्या पूर्व टोकाला असलेल्या न्यूफाउंडलंड बेटावर आले आणि सेंट जॉन्स शहरातील मेमोरियल विद्यापीठात शिकवू लागले. सुरुवातीला त्यांचा अभ्यासाचा विषय होता समुद्रपक्षी. देवमासे नंतर आले, आणि तेही मच्छीमारांच्या तक्रारीतून.

कॉड मासा आणि खोलीएवढे जाळे

न्यूफाउंडलंडचे सगळे जीवन कॉड माशावर चालायचे. किनाऱ्यावर छोटी छोटी गावे. बाप, मुलगे, भाऊ मिळून मासेमारी करायचे. पकडलेला कॉड मीठ लावून वाळवायचा आणि विकायचा. आपल्या कोकणात सुकी मासळी करतात, तसाच प्रकार समजा.

कॉड पकडायला तिथे एक खास जाळे असे. कल्पना करा, एका खोलीएवढे चौकोनी जाळे. चार भिंती, खाली तळ, एका बाजूला दार. किनाऱ्यापासून या दारापर्यंत भिंतीसारखे लांब जाळे लावलेले. मासे त्या भिंतीच्या कडेने पोहत जातात आणि थेट खोलीत शिरतात. आपल्याकडचे डोल जाळे जसे एका जागी बांधून ठेवतात, तसे हेही बांधलेलेच असते. अशा जाळ्यासाठी खूप पैसे आणि महिनोन् महिने मेहनत लागते. आणि मासेमारीचा हंगाम उन्हाळ्यातल्या थोड्याच आठवड्यांचा. त्या आठवड्यांत जाळे फाटले, तर वर्षाची कमाई गेली.

संकट कसे आले?

१९७० च्या दशकाच्या अखेरीस हंपबॅक जातीचे देवमासे मोठ्या संख्येने किनाऱ्याजवळ येऊ लागले. कारण होते केपेलिन नावाची वीतभर लांबीची मासळी. खोल समुद्रात केपेलिन कमी झाली होती. पण अंडी घालायला ती उन्हाळ्यात किनाऱ्यावर येते. तिच्यामागे कॉड येतो, आणि तिच्यामागेच देवमासेही आले. म्हणजे मच्छीमार, कॉड आणि देवमासा, तिघेही एकाच वेळी, एकाच पाण्यात!

हंपबॅक देवमासा तेरा-चौदा मीटर लांब, वजन तीस टनांच्या आसपास. तो जाळ्यात घुसला की काय होत असेल, विचार करा. दोर त्याच्या शेपटीला, पंखांना गुंडाळले जात. देवमासा हा खरं तर मासा नाही, आपल्यासारखाच फुप्फुसांनी श्वास घेणारा सस्तन प्राणी आहे. वर येता आले नाही तर तो गुदमरून मरतो. इकडे मच्छीमाराचे जाळे चिंध्या होऊन जाई. वैतागलेले मच्छीमार कधी देवमाशाला गोळी घालत, कधी तो मरायची वाट बघत. त्यांना दुष्ट म्हणणे सोपे आहे. पण त्यांच्या घरात चूल त्या जाळ्यावरच पेटत होती.

आधी जाळ्याचा विचार

जॉन लीन यांच्याकडे मदतीसाठी निरोप येऊ लागले. तेव्हा त्यांना काही तयार पद्धत माहीत नव्हती, कारण असे काम त्याआधी कोणी नीट केलेच नव्हते. ते रबरी होडीतून देवमाशाजवळ जात. तोंडाला पाण्याखाली बघायचा चष्मा लावून होडीच्या कडेवरून डोके पाण्यात घालत आणि दोर कुठे कसा गुंतला आहे, हे शांतपणे बघत. मग लांब काठीला लावलेला आकडा आणि सुरी घेऊन एक एक दोर सोडवत. थंडगार पाणी, लाटा, आणि शेजारी शेपटीच्या एका फटक्यात होडी उलटवू शकणारा घाबरलेला प्राणी!

पण माझ्या मते त्यांची खरी मोठी गोष्ट पुढेच आहे. ते सरसकट जाळे कापत नसत. कमीत कमी दोर कापून, जाळे शक्य तितके वाचवून देवमाशाला सोडवायचे, ही त्यांची रीत होती. मच्छीमाराला ते बाजूला उभे करत नसत. जाळे त्याने बांधलेले, त्यातली गाठ न् गाठ त्याला माहीत. त्याच्याच मदतीने काम चाले. हळूहळू मच्छीमारांना कळले, की हा प्राध्यापक आपल्याला गुन्हेगार ठरवायला येत नाही, आपले जाळे वाचवायलाही येतो. मग ते स्वतःहून फोन करू लागले. गोळी घालण्यापेक्षा फोन करणे फायद्याचे झाले!

अशा रीतीने लीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५०० हून अधिक देवमासे जिवंत सोडवले.

अडकूच नये म्हणून

सोडवणे चांगलेच, पण देवमासा अडकतोच का? लीन यांनी याचाही अभ्यास केला. डॉल्फिन आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून समोर काय आहे ते ओळखतो. हंपबॅकला ते जमत नाही. आणि जाळे तर पाण्यात गप्प उभे असते. मग जाळ्यालाच आवाज दिला तर? लीन यांनी जाळ्याला बांधायची आवाज करणारी साधने बनवून समुद्रात वापरून पाहिली. आवाज आला की देवमाशाला जाळ्याचा अंदाज येतो आणि तो धडकण्याची शक्यता कमी होते. अशीच साधने पुढे इतर देशांतही, विशेषतः पॉर्पॉइज या छोट्या सागरी सस्तन प्राण्यांना वाचवण्यासाठी, जाळ्यांना लावली गेली.

समुद्रच रिकामा झाला तेव्हा

२ जुलै १९९२ रोजी कॅनडा सरकारने न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरील कॉडची मासेमारी बंद केली. मोठमोठ्या ट्रॉलरांनी वर्षानुवर्षे केलेल्या बेसुमार मासेमारीने कॉड जवळजवळ संपला होता. सुमारे ३०,००० लोकांचा रोजगार गेला. गावेच्या गावे ओस पडली. जाळी उचलली गेल्यावर देवमासे अडकणेही कमी झाले, पण असा शेवट कोणालाच नको होता. लीन यांनी तेव्हाही मच्छीमारांची साथ सोडली नाही. समुद्र वाचवायचे नियम मच्छीमारांना सोबत घेऊनच व्हायला हवेत, या विचाराने ते काम करत राहिले.

एप्रिल २०१० मध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्यासोबत काम शिकलेल्या माणसांनी देवमासे सोडवण्याचे काम पुढे चालू ठेवले.

आपल्या वर्गासाठी

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. जाळ्याचे पैसे कोण देणार? आपल्या महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून याला एक उत्तर आहे. कासव, डॉल्फिन, देवमासा, बहिरी अर्थात व्हेल शार्क असा संरक्षित जीव जाळे कापून सोडला आणि त्याचा फोटो किंवा व्हिडिओ पुरावा म्हणून दिला, तर मच्छीमाराला शासनाकडून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. मी हे वर्गात सांगितले तेव्हा त्या मुलाने घरी जाऊन वडिलांना सांगितले. दुसऱ्या दिवशी वडील शाळेत आले, अर्ज कुठे करायचा हे विचारायला. त्या दिवशी मला माझा पाठ खऱ्या अर्थाने पूर्ण झाल्यासारखे वाटले.

शिक्षकांनो, हा पाठ घेताना वर्गाचे दोन गट करा. एक गट देवमाशाची बाजू मांडेल, दुसरा मच्छीमाराची. कोण जिंकले ते ठरवू नका. दोघांचेही नुकसान होणार नाही असा मार्ग मुलांनाच शोधू द्या. पालकांनो, तुम्ही किनाऱ्यावर राहत असाल तर मुलांना तुमचे जाळे दाखवा, ते विणायला किती दिवस लागले ते सांगा.

मुलांना प्राण्यांवर प्रेम करा म्हणून आपण नेहमीच सांगतो. ते सांगताना समोरच्या माणसाची अडचणही आधी ऐकून घ्यायची असते, हे मला जॉन लीन यांच्यामुळे कळले, आणि मागे बसलेल्या त्या मुलामुळेही.