विश्लेषण : सलग दोनदा विजेता ठरलेला संघ सोडून विसाव्या क्रमांकाच्या क्लबमध्ये का गेले हर्बर्ट चॅपमन?

फुटबॉल क्लबच्या प्रशिक्षकाला नारळ मिळाला, की रिकामी झालेली खुर्ची किती चांगली, याची चर्चा लगेच सुरू होते. संघ गुणतक्त्यात कुठे आहे, मालक खर्च करतो का, आधीच्या माणसाचे काय झाले? या निकषांवर पाहिले तर मे १९२५ मध्ये लंडनच्या आर्सेनल क्लबची खुर्ची कुणी घेऊ नये अशीच होती. तरीही त्या काळचे इंग्लंडमधील सर्वांत यशस्वी मॅनेजर हर्बर्ट चॅपमन यांनी ती स्वीकारली, आणि तीही विजेता संघ सोडून.

आर्सेनलची जाहिरात काय होती?

अध्यक्ष सर हेन्री नॉरिस यांनी मॅनेजर लेस्ली नाइटन यांना काढून टाकले आणि ‘अॅथलेटिक न्यूज’मध्ये जाहिरात दिली. उमेदवार अनुभवी आणि चारित्र्यवान हवा, ही अट नेहमीचीच. पुढची मात्र विचित्र होती. भरमसाट पैसे मोजून खेळाडू विकत घेतल्याशिवाय ज्यांना संघ उभारता येत नाही, त्यांनी अर्जच करू नये, असा तिचा आशय होता. नाइटन यांना एका खेळाडूवर हजार पौंडांहून अधिक खर्च करण्याची मुभा नव्हती आणि बुटके खेळाडू घेण्यास मनाई होती. एवढे हात बांधल्यावर १९२४-२५ मध्ये संघ २२ जणांत विसावा आला. आणखी एक स्थान खाली घसरला असता, तर थेट दुसऱ्या श्रेणीत गेला असता. शिवाय हायबरी मैदानाच्या उभारणीचे कर्ज होते आणि लीग किंवा एफए चषक यांपैकी एकही करंडक कपाटात नव्हता.

चॅपमन तोवर कुठे होते?

शेफील्डजवळच्या किव्हेटन पार्क या खाणगावात १८७८ मध्ये जन्मलेले चॅपमन खाणकामगाराचे पुत्र. खाण अभियांत्रिकी शिकले. खेळाडू म्हणून बेताचेच. क्लबमागून क्लब बदलत राहिले आणि पिवळ्या बुटांमुळे तेवढे लक्षात राहिले. १९०७ मध्ये टॉटनहॅममधील सहकारी वॉल्टर बुल यांना नॉर्दम्प्टन टाउनने खेळाडू-मॅनेजरपद देऊ केले. त्यांचा विचार बदलला आणि त्यांनी चॅपमन यांचे नाव सुचवले. सदर्न लीगमध्ये सलग दोन वर्षे तळाला राहिलेला तो संघ १९०९ मध्ये विजेता झाला.

पुढची नोकरी १९१२ मध्ये लीड्स सिटीची. हा क्लब दुसऱ्या श्रेणीत शेवटून दुसरा होता आणि लीगमध्ये राहण्यासाठी इतर क्लबांकडे मते मागत होता. येथेही संघ वर चढू लागला, पण महायुद्ध आले आणि चॅपमन बार्नबो येथील दारूगोळा कारखान्याच्या व्यवस्थापनात गेले. १९१९ मध्ये लीड्स सिटीवर युद्धकाळात खेळाडूंना बेकायदा पैसे दिल्याचा आरोप झाला. क्लबने हिशेबाच्या वह्या दाखवल्या नाहीत आणि लीगने क्लबच बरखास्त केला. चॅपमन यांच्यावरही बंदी आली. चाळिशी ओलांडलेला हा माणूस तेव्हा सेल्बीच्या तेल गिरणीत नोकरीला होता आणि १९२० च्या अखेरीस तीही गेली.

हडर्सफील्ड टाउनने त्यांना पुन्हा उभे केले. पैसे दिले गेले तेव्हा ते कारखान्यात होते, हा मुद्दा मान्य होऊन बंदी उठली. या क्लबचीही अवस्था काही फार चांगली नव्हती. १९१९ मध्ये तो उचलून लीड्सला नेण्याचा घाट घातला गेला होता आणि गावाने पैसे उभे करून तो वाचवला होता. मार्च १९२१ मध्ये चॅपमन यांच्या हाती सूत्रे आली. १९२२ मध्ये एफए चषक, १९२४ मध्ये गोल सरासरीवर कार्डिफला मागे टाकून लीग विजेतेपद, १९२५ मध्ये पुन्हा विजेतेपद. तिसरे तर समोर दिसत होते.

मग सोडले का?

वेतन हे पहिले उत्तर. आर्सेनलने वर्षाला दोन हजार पौंड देऊ केले, म्हणजे हडर्सफील्डच्या जवळपास दुप्पट. त्या काळी खेळाडूंच्या पगारावर आठवड्याला आठ पौंडांची कमाल मर्यादा होती. मॅनेजरच्या पगाराला मात्र ती लागू नव्हती.

पण पगार हे अर्धेच उत्तर आहे. हडर्सफील्ड हे कापड गिरण्यांचे गाव, तेही रग्बीवेडे. संघ दोनदा विजेता झाला तरी प्रेक्षक वाढायला मर्यादा होती आणि प्रेक्षकांच्या तिकिटांवरच क्लब चालत. हायबरीला भुयारी रेल्वेचे स्थानक लागून होते आणि अख्खे लंडन शहर पाठीशी. राजधानीतील एकाही क्लबने तोवर लीग जिंकली नव्हती. विसावा क्रमांक हा संघाचा आजचा दर्जा होता, क्लबची कमाल उंची नव्हे. चॅपमन यांनी ही उंची मोजली, असे त्यांच्या पुढच्या निर्णयांवरून दिसते. करंडकासाठी त्यांनी पाच वर्षांची मुदत मागितली, असे सांगितले जाते.

जाहिरातीतली अट?

ती पहिल्याच उन्हाळ्यात मोडली. संडरलंडच्या चार्ली बकन यांच्यासाठी चार हजार पौंडांची मागणी होती. नॉरिस यांनी घासाघीस करून दोन हजार रोख आणि पहिल्या हंगामातील प्रत्येक गोलला शंभर पौंड असा सौदा केला. बकन यांनी २१ गोल केले आणि काटकसरी अध्यक्षांना एकूण ४१०० पौंड पडले!

त्याच वर्षी ऑफसाइडचा नियम बदलला. आक्रमकापुढे तीनऐवजी दोनच प्रतिस्पर्धी असले तरी चालणार होते. ३ ऑक्टोबर १९२५ रोजी न्यूकॅसलने आर्सेनलला ७-० असे धुतले. बकन यांच्या आग्रहावरून मधल्या फळीतील सेंटर हाफला मागे, दोन बचावपटूंच्या मध्ये आणले गेले आणि दोनच दिवसांत वेस्ट हॅमविरुद्ध ४-० असा विजय मिळाला. हंगामाअखेर आर्सेनल दुसरे. पहिले कोण? हडर्सफील्डच, सलग तीन लीग जिंकणारा पहिला क्लब.

खरी सत्ता कधी मिळाली?

त्या काळी अनेक क्लबांत संघ निवडण्याचे काम संचालक मंडळच करी आणि मॅनेजरकडे पत्रव्यवहार, तिकिटे, रेल्वेचे आरक्षण असे. चॅपमन यांना हे मान्य नव्हते. सामना सुरू असताना मैदानाच्या कडेवरून खेळाडूंना सूचना ओरडणारे ट्रेनर जॉर्ज हार्डी यांना त्यांनी बाजूला केले आणि तरुण टॉम व्हिटेकर यांना आणले. कठोर वाटते, पण एका संघाला दोन आवाज नकोत, एवढाच त्यांचा हिशेब असावा.

अध्यक्षांना मात्र असे बाजूला करता येत नाही. तो अडथळा १९२७ मध्ये आपोआप दूर झाला. क्लबचा पैसा खासगी खर्चाला वापरल्याचा ठपका ठेवून फुटबॉल असोसिएशनने नॉरिस यांना खेळाबाहेर काढले. हेच झाले नसते तर चॅपमन यांची निवड चुकीची ठरली असती का, हा प्रश्न उरतोच. उत्तम खुर्चीलाही नशिबाची साथ लागते. त्यानंतर थैली मोकळी झाली. १९२८ मध्ये बोल्टनचे डेव्हिड जॅक यांच्यासाठी प्रथमच दहा हजार पौंडांहून अधिक रक्कम मोजली गेली. १९२९ मध्ये प्रेस्टनहून अॅलेक्स जेम्स आले, ८७५० पौंडांना.

एप्रिल १९३० मध्ये, म्हणजे बरोबर पाचव्या हंगामात, आर्सेनलने पहिला एफए चषक जिंकला. अंतिम सामन्यात हरवले हडर्सफील्डलाच, २-० ने. १९३१ आणि १९३३ मध्ये लीगही आली. १९३२ मध्ये गिलेस्पी रोड स्थानकाचे नाव बदलून आर्सेनल झाले, त्यामागेही चॅपमन यांचाच पाठपुरावा होता. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघासोबत १९३३ मध्ये ते इटली आणि स्वित्झर्लंडला गेले, पण तेथे संघ निवडायचा अधिकार समितीचाच राहिला.

त्यांच्यानंतर त्या खुर्चीचे काय झाले?

जानेवारी १९३४ च्या थंडीत सर्दी झालेली असतानाही चॅपमन राखीव फळीतील पोरांचा सामना पाहायला गिल्डफर्डला गेले. न्यूमोनिया झाला आणि ६ जानेवारीला वयाच्या ५५ व्या वर्षी ते गेले. तेव्हा आर्सेनल गुणतक्त्यात अव्वल होते. उरलेला हंगाम जो शॉ यांनी सांभाळला, मग संचालक आणि रेडिओ समालोचक जॉर्ज अॅलिसन मॅनेजर झाले. व्यावसायिक खेळाडू म्हणून त्यांच्या नावावर काहीच नव्हते. लीग १९३४ आणि १९३५ मध्येही आर्सेनलकडेच राहिली. हडर्सफील्डला मात्र १९२६ नंतर ती पुन्हा कधीच जिंकता आलेली नाही.