मुरळीला घर मिळवून देणारे शिवराम जानबा कांबळे

परमपूज्य बाबासाहेबांच्या आधी ज्यांनी आपल्या समाजाला जागं केलं, त्यांत पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांचं नाव आम्ही आदराने घेतो. जन्म १८७५ चा. पुण्यात मेसॉनिक हॉलमध्ये बटलरची नोकरी करायची आणि उरलेल्या वेळात समाजाचं काम, असा हातावर पोट असलेला माणूस. १९०३ साली सासवडला त्यांनी ५१ गावच्या महारांची सभा भरवली. लष्करभरतीच्या अर्जासाठी त्यांचं नाव पुस्तकात येतं. आम्हाला मात्र त्यांचं मुरळ्यांसाठीचं काम जास्त मोलाचं वाटतं, आणि तेच कमी सांगितलं जातं.

मुरळी म्हणजे काय हे सोलापूरकरांना सांगायला नको, बाळ्याचा खंडोबा आपल्या उशालाच आहे. नवस बोलायचा आणि पोर देवाला सोडायची. भंडारा उधळून देवाशी लग्न लागायचं तेव्हा तिला काही कळायचं वयही नसे. वयात आली की देवाच्या नावाखाली शरीराचा बाजार. तिच्या कमाईवर घर चालायचं, पण तिला सून म्हणून कोणी उंबऱ्यात घेत नसे. यातल्या कितीतरी पोरी आपल्याच समाजाच्या होत्या.

कांबळ्यांनी १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' मासिक काढलं आणि त्यातून मुरळ्यांनाच हाक दिली. शिवूबाई लक्ष्मण जाधव या मुरळीने पत्राने उत्तर दिलं. ते त्यांनी छापलं. पण पोर सोडवली तरी ती जाणार कुठं? ज्या बापाने देवाला वाहिली त्याच्याच दारात? म्हणून तिच्याशी लग्न करणारा माणूस पाहिजे होता. गणपतराव हणमंतराव गायकवाड पुढे आले आणि १९०९ साली लग्न लागलं. गायकवाडांचं धैर्यही लहान नव्हे, भावकीला तोंड त्यांनाच द्यायचं होतं.

लग्न हा काय एकच उपाय, असं आज कोणी विचारील. खरं आहे. पण त्या काळी महाराच्या पोरीला शाळेत बसू देत होतं कोण?

पुढे १९२९ च्या पर्वती सत्याग्रहातही कांबळे पुढे होते. मुलीला देवाला वाहण्याविरुद्ध मुंबई इलाख्यात कायदा झाला तो १९३४ साली. शिवूबाईच्या लग्नाला तोवर पंचवीस वर्षं झाली होती.