ह्यू हॅमंड बेनेट

ह्यू हॅमंड बेनेट (१५ एप्रिल, १८८१ - ७ जुलै, १९६०) हे अमेरिकन मृदाशास्त्रज्ञ आणि अमेरिकेच्या मृदसंधारण सेवेचे पहिले प्रमुख होते. जमिनीची धूप हा राष्ट्रीय प्रश्न आहे, हे त्यांनी सरकारला पटवून दिले. त्यामुळे त्यांना अमेरिकेतील मृदसंधारणाचे जनक म्हटले जाते.

सुरुवातीचे जीवन

नॉर्थ कॅरोलायना राज्यातील वेड्सबरो गावाजवळ, कापूस पिकवणाऱ्या कुटुंबात बेनेट यांचा जन्म झाला. उताराच्या शेतात पाणी अडवणारे बांध आखण्याच्या कामात ते लहानपणीच वडिलांना मदत करीत. चॅपेल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातून पदवी घेऊन १९०३ साली ते कृषी खात्याच्या मृदा विभागात सर्वेक्षक म्हणून रुजू झाले.

सालकाढी धूप

१९०५ मध्ये व्हर्जिनियातील लुइझा काउंटीत जमिनीचा कस का उतरतो आहे, हे शोधण्याचे काम त्यांच्याकडे आले. तेथे शेजारी-शेजारी असलेल्या दोन जमिनी त्यांनी पाहिल्या. उतार एकच, मूळ खडकही एकच. परंतु झाडीखालची माती भुसभुशीत व ओलसर होती, तर वर्षानुवर्षे नांगरलेल्या शेतात कठीण चिकणमाती उघडी पडली होती. घळी न पडताही पावसाच्या प्रत्येक सरीबरोबर वरचा सुपीक थर पातळ होत जातो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. घळ डोळ्यांना दिसते, ही धूप दिसत नाही. म्हणूनच ती अधिक घातक ठरते. मृदा विभागाचे प्रमुख मिल्टन व्हिटनी यांचे मत मात्र नेमके उलट होते. माती ही कधीही न संपणारी संपत्ती असल्याचे प्रतिपादन विभागाच्या १९०९ च्या प्रकाशनात करण्यात आले. स्वतःच्याच खात्याच्या या भूमिकेविरुद्ध बेनेट पुढे सुमारे वीस वर्षे लिहीत व बोलत राहिले. डब्ल्यू. आर. चॅप्लाइन यांच्यासह १९२८ साली लिहिलेल्या पुस्तिकेत त्यांनी धुपीला राष्ट्रीय संकट म्हटले. दुसऱ्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने धूप संशोधनासाठी १,६०,००० डॉलर मंजूर केले.

शेतावरील प्रशिक्षण

१९३३ मध्ये गृह खात्यात स्थापन झालेल्या धूप निवारण सेवेचे संचालकपद बेनेट यांना मिळाले. परिपत्रके वाटून शेतकरी पद्धत बदलत नाहीत, याची त्यांना जाणीव होती. म्हणून संपूर्ण पाणलोट क्षेत्र हाच वर्ग मानून प्रात्यक्षिके सुरू झाली. विस्कॉन्सिन राज्यातील कून क्रीक हे त्यांतील पहिले. तेथे चारशेहून अधिक शेतकऱ्यांनी पाच वर्षांचे करार केले. सेवेने बियाणे, चुना व कुंपणाचे साहित्य पुरवले. नागरी संधारण दलातील तरुणांनी श्रम केले. शेतकऱ्यांनी समतल मशागत, पट्टा पेरणी आणि तीव्र उतारांवरील चराईबंदी स्वीकारली. मृदातज्ज्ञ, वनतज्ज्ञ, अभियंता आणि वन्यजीवतज्ज्ञ एकत्र बसून प्रत्येक शेताचा स्वतंत्र आराखडा करीत. एकाच उपायाने सर्व जमिनी सुधारत नाहीत, हे बेनेट यांच्या शिकवणीचे सार होते.

कायदा व संधारण जिल्हे

१९३५ च्या वसंतात मैदानी प्रदेशातील धुळीची वादळे पूर्वेकडे सरकत असताना बेनेट सिनेट समितीपुढे साक्ष देत होते. वादळ वॉशिंग्टनला पोहोचेपर्यंत त्यांनी साक्ष लांबवली आणि आकाश काळवंडताच सदस्यांना खिडकीकडे पाहावयास लावले, अशी कथा प्रसिद्ध आहे. तिला थोडा रंग चढला असावा. परंतु २७ एप्रिल, १९३५ रोजी मृदसंधारण कायदा झाला, धूप निवारण सेवेची जागा कृषी खात्यातील कायमस्वरूपी मृदसंधारण सेवेने घेतली आणि १९५१ पर्यंत बेनेट तिचे प्रमुख राहिले.

१९३७ पासून राज्यांच्या कायद्यांन्वये स्थानिक शेतकऱ्यांच्या सहभागाने चालणारे संधारण जिल्हे स्थापन होऊ लागले. ब्राउन क्रीक हा पहिला जिल्हा बेनेट यांच्याच ॲन्सन काउंटीत झाला.

सेवेचे सर्वच उपाय यशस्वी ठरले नाहीत. दक्षिणेतील उघडे उतार झाकण्यासाठी तिने कुडझू या आशियाई वेलीची कोट्यवधी रोपे वाटली. पुढे हीच वेल अनेक ठिकाणी स्थानिक वनस्पतींवर पसरून उपद्रवी तण ठरली.

मृत्यू

७ जुलै, १९६० रोजी बेनेट यांचे निधन झाले. आर्लिंग्टन राष्ट्रीय स्मशानभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. १९९४ साली मृदसंधारण सेवेचे नाव नैसर्गिक संसाधन संधारण सेवा असे करण्यात आले.