आसवनीचे उघडे दार

वढू बुद्रुकपासून भीमेच्या प्रवाहाबरोबर दौंडच्या दिशेने खाली जावे, तसा उसाचा मुलूख लागतो. उसामागून साखर, साखरेमागून मळी आणि मळीमागून मद्यार्क, हा पश्चिम महाराष्ट्राच्या ग्रामीण अर्थकारणातील परिचित क्रम होय. भारतात व्हिस्की या नावाने खपणाऱ्या मद्याचा फार मोठा भाग याच मळीच्या मद्यार्कावर आधारलेला असतो, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. मद्यार्काचा कारखाना म्हणजे नाकाला रुमाल लावून ओलांडून जाण्याची जागा, अशीच आपली समजूत. स्कॉटलंड, आयर्लंड वा जपानमधील आसवन्या पाहण्यासाठी लोक पदरमोड करून दूरदूरचा प्रवास करतात, हे ऐकून म्हणूनच नवल वाटते. या नवलाचा उलगडा जपानी व्हिस्कीचे जनक मानले जाणारे मासाताका ताकेत्सुरू यांच्या चरित्रात सापडतो. मद्यपानाची भलामण करण्याचा येथे हेतू नाही. दारूने धुळीस मिळालेले संसार आपण खेडोपाडी पाहतोच. प्रश्न आहे तो उद्योगाच्या सचोटीचा.

ताकेत्सुरू यांचा जन्म २० जून १८९४ रोजी हिरोशिमा प्रांतातील ताकेहारा या गावी झाला. तांदळापासून 'साके' हे मद्य बनविणे हा घराण्याचा परंपरागत व्यवसाय. ओसाका येथे मद्यनिर्मितीचे शास्त्र शिकून ते एका मद्य कंपनीत रुजू झाले. त्या काळी जपानमध्ये व्हिस्की म्हणून विकले जाई ते बहुधा मद्यार्कात रंग व सुगंधी द्रव्ये मिसळून केलेले अनुकरण होते. अस्सल विद्या हस्तगत करावी म्हणून कंपनीने १९१८ साली या तरुणाला स्कॉटलंडला धाडले. ग्लासगो येथे त्यांनी रसायनशास्त्राचा अभ्यास केला. परंतु खरे शिक्षण झाले ते लाँगमॉर्न, बोनेस आणि कँपबेलटाउनची हेझलबर्न या आसवन्यांत. सातूला मोड कसे आणावेत, तांब्याच्या हंड्यांना आच किती द्यावी, ओकच्या पिंपांत मद्य कसे मुरवावे, हे सारे त्यांनी स्वतः काम करून पाहिले आणि वह्यांत तपशिलाने टिपून ठेवले. जपानमधील व्हिस्कीचा पाया या वह्यांवर रचला गेला. एका परकीय तरुणासाठी आसवनीचे दार उघडल्याचे हे फळ होय.

जानेवारी १९२० मध्ये त्यांनी रीटा कोवन या स्कॉटिश युवतीशी विवाह केला. दोन्ही घरांचा विरोध होता. त्याच वर्षी हे दांपत्य जपानला परतले, तेव्हा महायुद्धोत्तर मंदी सुरू झाली होती आणि व्हिस्कीत भांडवल गुंतविण्याची कंपनीची ऐपत उरली नव्हती. ताकेत्सुरू यांनी राजीनामा दिला आणि काही काळ शाळेत रसायनशास्त्र शिकविले.

१९२३ साली शिंजिरो तोरिई या धडाडीच्या व्यापाऱ्याने त्यांना आपल्याकडे बोलावले. आसवनी कोठे उभारावी याबद्दल दोघांत मतभेद झाला. ताकेत्सुरू यांची दृष्टी उत्तरेकडील होक्काइदो बेटावर होती. तेथील हवा आणि पाणी त्यांना स्कॉटलंडसारखे वाटे. तोरिई यांचे म्हणणे असे की, कारखाना बाजारपेठेजवळ असावा आणि ग्राहकांना तो प्रत्यक्ष दाखविता यावा. अखेर ओसाका व क्योटो यांच्या दरम्यान यामाझाकी येथे १९२४ मध्ये आसवनी सुरू झाली. १९२९ साली तिची पहिली व्हिस्की विक्रीस आली. पण तिचा धुरकट वास जपानी जिभेला रुचला नाही.

कराराची दहा वर्षे भरल्यावर, १९३४ साली, ताकेत्सुरू यांनी होक्काइदोतील योइची या गावी स्वतःचा उद्योग काढला. व्हिस्की मुरण्यास वर्षे लागतात; तोवर भांडवल अडकून पडते. त्यांनी यावर काढलेला तोड अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्याजोगा आहे. आसपासच्या शेतकऱ्यांची सफरचंदे विकत घेऊन त्यांनी रस विकण्यास प्रारंभ केला. या धंद्यातही खोट आली. तरी १९४० मध्ये योइचीची पहिली व्हिस्की बाजारात आली. कंपनीच्या मूळ नावातील फळरसाची खूण 'निक्का' या संक्षिप्त नावात कायम राहिली. युद्धकाळात नौदलाच्या मागणीमुळे सातूचा पुरवठा चालू राहिला. रीटाबाईंना मात्र परकीय म्हणून संशयाच्या नजरा सोसाव्या लागल्या.

त्यांची खरी कसोटी युद्धानंतर लागली. मुरलेली माल्ट व्हिस्की नाममात्र, जेमतेम पाच टक्क्यांपर्यंत, असलेले तिसऱ्या प्रतीचे मद्य त्या वेळी धो धो खपत होते. ताकेत्सुरू ते करावयास राजी नव्हते. कंपनी कर्जात रुतली, तेव्हा १९५० साली त्यांना नमते घ्यावे लागले. परंतु माल्टचे प्रमाण त्यांनी कायद्याच्या कमाल मर्यादेपर्यंत ठेवले आणि कृत्रिम अर्क वर्ज्य केले. साहजिकच त्यांचा माल महाग पडला आणि खपात मागे राहिला. रीटाबाई १९६१ मध्ये निवर्तल्या. १९६९ साली सेंदाईजवळ दुसरी आसवनी उभी राहिली. २९ ऑगस्ट १९७९ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, ताकेत्सुरू यांचे निधन झाले. योइचीच्या टेकडीवर पतिपत्नी एकत्र विसावली आहेत.

ग्राहकांना दाखविण्यास फार दूर म्हणून नाकारल्या गेलेल्या त्याच प्रदेशात आज प्रवासी आगाऊ नोंदणी करून जातात आणि दगडी कोळशावर तापणारे हंडे पाहतात. २०१४-१५ मध्ये या दांपत्याच्या जीवनावरील दूरचित्रवाणी मालिकेने ही वर्दळ आणखी वाढविली. दाखविण्याजोगे काही असले की अंतर आड येत नाही, हा यातील बोध.

आपल्याकडेही हे घडू शकते. नाशिकच्या वाइन उद्योगाने दारे उघडली. गोव्यात कुंकळ्ळीची व्हिस्कीची आसवनी पाहावयास प्रवासी जातात. ऊसपट्ट्याचे चित्र निराळे आहे. मळीपासून एक लिटर मद्यार्क काढताना सुमारे ८ ते १५ लिटर दूषित सांडपाणी निघते. त्यावर प्रक्रिया करण्याचे नियम आहेत. ते पाळले जातात की नाही, हे पाहण्याची सोय सामान्य शेतकऱ्याला क्वचितच असते. वढूला छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीपुढे नतमस्तक होण्यासाठी लोक येतात; त्या श्रद्धेशी कारखान्याच्या सहलीची तुलना संभवत नाही. परंतु ज्या नदीकाठी ते येतात, त्या नदीच्या शुद्धतेची जबाबदारी या खोऱ्यातील प्रत्येक उद्योगावर आहे. पर्यटनातून किती पैसा मिळेल, हा हिशेब मागाहून करता येईल. तूर्त वर्षातून काही दिवस तरी प्रत्येक मद्यार्क कारखान्याने आपले दार भोवतालच्या गावकऱ्यांसाठी उघडावे, आणि सांडपाणी कोठे जाते हे प्रथम दाखवावे. ज्या कारखान्याला पाहुण्यांची धास्ती वाटते, त्याच्या मालावर आणि नफ्यावर समाजाने विश्वास का ठेवावा?